चौथ्या खोलीचं भाडं

१

दुसऱ्याने सांगितलेला आकडा धम्मदिना तांबे कधी तसाच उतरवून घेत नसे. तिचं पोटच त्यावर होतं. स्थापत्याची पदविका घेऊन तिने काही वर्षं ठाण्यात एका कंत्राटदाराकडे नोकरी केली, मग ती सोडली आणि भिवंडीजवळच्या काल्हेरच्या पट्ट्यातली गोदामं मोजून देण्याचं स्वतःचं काम सुरू केलं. गोदाम भाड्याने जायचं असो नाहीतर त्याचा विमा काढायचा असो, मालक सांगेल ते क्षेत्रफळ आणि जागेवर भरेल ते क्षेत्रफळ यांत हमखास फरक निघायचा. तो फरक शोधून नकाशावर मांडायचे तिला पैसे मिळायचे. मालक कुरकुरायचे, ताई, इतकं बारीक कशाला बघता. ती हसायची, लेझर मीटर भिंतीला लावायची आणि मीटर दाखवेल तेवढंच लिहायची.

अशी बाई स्वतःचं इन्कम टॅक्सचं रिटर्न न तपासता सोडेल हे शक्यच नव्हतं. धामणकर नाक्यावरचे केसरीनाथ मढवी तिचं रिटर्न भरायचे. साठी ओलांडलेले, बोलायला मऊ, उन्हाळा असो की पावसाळा, अर्ध्या बाह्यांचा सायीच्या रंगाचा शर्ट घालणारे. जुलैत त्यांचा मसुदा आला की धम्मदिना तो छापून घ्यायची आणि पेन्सिल घेऊन एकेक ओळ स्वतः पडताळायची. केसरीनाथांना त्याचा राग नव्हता. बाकीची गिऱ्हाइकं न वाचता ओटीपी देऊन मोकळी होतात, तुम्ही एकट्याच वाचता, असं ते कौतुकाने म्हणायचे.

त्या रविवारी सकाळीही ती अशीच टेबलाशी बसली होती. कामतघरमधलं ते भाड्याचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. बाहेरची खोली, तिथे तिच्या वडिलांची खाट. आतली खोली, तिथे तिचं टेबल, कॉम्प्युटर आणि नकाशांच्या गुंडाळ्या. आणि स्वयंपाकघर. इमारतीला खेटून यंत्रमागांची, लूमची शेड होती, तिचे पत्रे खिडकीखालीच दिसायचे, आणि लूमचा खडखडाट दिवसभर घरात भरून असायचा. राहणाऱ्याला तो ऐकू येत नाही. नवीन आलेला माणूस मात्र मोठ्याने बोलायला लागतो.

मिळालेली फी जुळली. कापलेला टॅक्स जुळला. पेट्रोल, फोन, मीटरची दुरुस्ती, सगळं जुळलं. घरभाड्यापाशी पेन्सिल थांबली. घरातून काम करणाऱ्याला भाड्याचा आणि वीजबिलाचा कामापुरता हिस्सा खर्चात धरता येतो. तीन खोल्यांपैकी एक कामाची, म्हणजे एक तृतीयांश. गेल्या वर्षी केसरीनाथांनी तसंच धरलं होतं. यंदा त्यांनी एक चतुर्थांश धरला होता.

तिला गंमत वाटली. सल्लागाराची चूक झाली तर गिऱ्हाइकाच्या फायद्याची होते, ही तिच्याच तोट्याची होती. तिने लगेच फोन लावला. केसरीनाथांनी ऐकून घेतलं, मग कागद चाळल्याचा आवाज आला.

"नाही ताई, चूक नाही ती," ते म्हणाले. "चार खोल्या आहेत ना तुमच्या. मागच्या वर्षी मला माहीत नव्हतं. यंदा मी स्वतः बघून गेलो."

२

ते येऊन गेले होते हे खरं होतं. मे महिन्यात एका दुपारी तिच्या बँकेचे कागद न्यायला आले होते. ती काल्हेरला कामावर होती, घरी तिचे वडील, आबा होते. आबांनी त्यांना चहा करून दिला, कागद दिले, ते गेले. एवढंच तिला माहीत होतं.

फोनवर वाद घालण्यात तिला रस नव्हता. सोमवारी काल्हेरला जाताना ती आपल्या घराचा नकाशा घेऊनच धामणकर नाक्यावरच्या ऑफिसात गेली. घरात राहायला आली त्याच आठवड्यात तिने तो काढला होता, सवयीने. केसरीनाथांनी चष्मा बदलला, नकाशा आपल्याकडे वळवून घेतला आणि बाहेरच्या खोलीपासून बोट पुढे नेलं. इथून आत गेलो, ते म्हणाले. हा बोळ. डाव्या हाताला तुमचं स्वयंपाकघर, त्याच्या पुढे तुमची कामाची खोली, दार उघडं होतं, टेबल दिसलं. शेवटी बाथरूम. आणि मग त्यांचं बोट बोळाच्या उजव्या बाजूच्या रेघेवर येऊन थांबलं.

"इथे दार आहे. इथेच बसवलं मला तुमच्या वडिलांनी."

ती रेघ म्हणजे इमारतीची बाहेरची भिंत होती. तिच्या पलीकडे हवा, आणि एक मजला खाली लूमच्या शेडचे पत्रे. धम्मदिनाने ते त्यांना समजावून सांगितलं, एखाद्या गोदामाच्या मालकाला सांगावं तसं, न चिडता. केसरीनाथांनी मान हलवली. त्यांनाही ती भिंत बाहेरचीच दिसत होती. नकाशा त्यांना कळत होता.

तुम्ही दुसऱ्या कुणाच्या घराशी गल्लत करताय, ती म्हणाली. त्यांनी त्यावर खरंच विचार केला. मग म्हणाले की गल्लत व्हायला तशी दुसरी खोली त्यांनी पाहिलेली नाही. मोठी नव्हती. फरशी बाकीच्या घरासारखीच. एक खिडकी, तिच्यातून उजेड येत होता, बाहेर काय होतं ते काही त्यांनी पाहिलं नाही. दोन खुर्च्या आणि एक बाकडं. आणि तिथे लूम ऐकू येत नव्हते.

"जन्म भिवंडीत गेला माझा," केसरीनाथ म्हणाले. "इतकं शांत मी कुठे बसलो नव्हतो. चहा संपला तरी उठावंसं वाटेना."

एवढं बोलून ते जरा ओशाळले. तुम्ही म्हणत असाल तर तीन करतो, ते म्हणाले, शेवटी खरं-खोटं तुम्ही लिहून देणार. मी आपलं डोळ्यांनी पाहिलं ते धरलं. धम्मदिनाने सांगितलं की अजून बदलू नका. कारण सापडल्याशिवाय आकडा बदलायचा नाही, हा तिचा नियम होता. शुक्रवारी फोन करते म्हणाली.

३

ती काल्हेरला गेलीच नाही. घरी परतताना आधी इमारतीच्या मागच्या गल्लीत शिरली आणि मान वर करून पाहिलं. भिंत सरळ होती. पावसाने काळी पडलेली, एक सांडपाण्याचा पाइप, फटीत उगवलेलं पिंपळाचं रोप. खिडकी नाही, गच्ची नाही, काहीच पुढे आलेलं नाही. शेडच्या आत लूम चालू होते आणि पत्र्यावर पावसाचं पाणी थरथरत होतं.

वर येऊन तिने मीटर काढला. खरं तर मोजण्यासारखं काही नव्हतं, पण हातात मीटर आला की तिचं डोकं थंड व्हायचं. बोळात उभं राहून तिने तो स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकवला आणि समोरच्या भिंतीवर धरला. बोळ इतका अरुंद की समोरून माणूस आला तर अंग चोरावं लागे. तिने बटण दाबलं. मीटरवर आकडा आला तो एका खोलीच्या लांबीचा होता.

तिने समोर पाहिलं. लेझरचा लाल ठिपका भिंतीवर दिसायला हवा होता. तो नव्हता.

दुसऱ्यांदा बटण दाबलं तेव्हा ठिपका नीट भिंतीवर पडला आणि आकडाही बोळाच्या रुंदीचा आला. पुन्हा तोच. पुन्हा तोच. तिने मीटरचे सेल काढून नवे घातले. सेल उतरले की असं होतं, तिने स्वतःला सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं, दोनेक वेळा साइटवर तसं झालं होतं. मग साधी टेप लावून पाहिली. टेपला सेल लागत नाहीत. टेपनेही बोळ तेवढाच भरला. भिंतीवर हात फिरवला तर ती गार लागली, पावसाळ्यात बाहेरची भिंत लागते तितकीच.

मग ती बाहेरच्या खोलीत आबांच्या खाटेवर जाऊन बसली.

आबा, म्हणजे लहानू तांबे, अंबाडीजवळच्या एका गावातून तरुणपणी भिवंडीत आले आणि पुढचं सगळं आयुष्य लूमवर काढलं. कापसाच्या धुळीने कायमचा खोकला लागला होता आणि कान कामातून गेले होते. पण बहिरेपण हे त्यांचं दुःख नव्हतं. लूम सुटला तरी कानातला लूम सुटला नव्हता. जागेपणी, झोपेत, गावाला गेलं तरी, त्यांच्या डोक्यात तोच खडखडाट चालू असे. धम्मदिनाने त्यांना ठाण्याला दोन डॉक्टरांकडे नेलं होतं. त्यांनी मशीन दिलं, गोळ्या दिल्या, आणि याची सवय करून घ्यावी लागते असं सांगितलं. तिची आई गेली तेव्हा स्मशानातून आल्यावर आबा म्हणाले होते की तिचा आवाज आठवायचा म्हटलं तरी लूमच ऐकू येतो. त्यानंतर त्यांनी तक्रार करणं सोडलं होतं.

तिने त्यांच्या कानाशी जाऊन विचारलं की मे महिन्यात केसरीनाथकाका आले तेव्हा त्यांना कुठे बसवलं होतंस.

"त्या खोलीत," आबा म्हणाले. "हितं बोललेलं ऐकू येत न्हाय मानसाला."

कोणत्या खोलीत, तिने विचारलं. त्यांनी हनुवटीने बोळाकडे दाखवलं, छत्री कुठे टांगली आहे ते दाखवावं तसं.

"तिथं बसलो का कानातला लूम बंद व्हतो, बाय. तू कामावर गेलीस का मी जातो थोडा येल."

४

धम्मदिनाने त्यावर शांत डोक्याने विचार केला. आबांचं वय झालं होतं. या वयात माणसाच्या मनात खोल्या तयार होतात, त्याला नाव आहे, डॉक्टर आहेत. केसरीनाथांना आबांनीच काहीबाही सांगितलं असेल. दुपारची वेळ, उन्हातून आलेला माणूस, बोळातल्या गारव्याला दोन मिनिटं टेकला असेल. बाकीचं नंतर मनाने रचलं. दोन म्हाताऱ्यांनी मिळून एक खोली बांधली होती. हे उत्तर तिला पटलं. त्यात एकच जागा कच्ची होती, ती म्हणजे मीटरने दाखवलेला पहिला आकडा, आणि तो तिने सेलच्या खात्यावर टाकला होता. ठाण्यातल्या मेंदूच्या डॉक्टरची तिने पुढच्या सोमवारची वेळ घेतली आणि तो आठवडा बाहेरची कामं पुढे ढकलून घरीच नकाशे करत बसायचं ठरवलं.

घरात काही घडलं नाही. बोळ बोळासारखा राहिला. ती दिवसातून कितीतरी वेळा तिथून गेली, पाणी प्यायला, हात धुवायला, नुसतीच. पण आबांचं बिनसलं. ते खाटेवर बसायचे, उठायचे, खिडकीपाशी जायचे, परत यायचे. कानांवर तळवे दाबून धरायचे आणि ती बघते असं दिसलं की हात खाली घ्यायचे. जेवण निम्मं टाकायचे. रोज सकाळी एकदा तरी विचारायचे की आज तुला काम न्हाय का. पाहुणा उठत नसला म्हणजे घरचा माणूस ज्या आवाजात विचारतो, तसा तो आवाज होता.

गुरुवारी दुपारी आबांच्याच गोळ्या आणायला ती नाक्यावर गेली. रांग होती म्हणून उशीर झाला. परत आली तेव्हा आबा खाटेवर बसले होते, हात मांडीवर सैल पडलेले, चेहरा धुतल्यासारखा स्वच्छ. तिला आठवेना इतक्या वर्षांत त्यांच्या कपाळाच्या आठ्या कधी अशा मोकळ्या झाल्या होत्या. तिने दारातूनच, नेहमीच्या आवाजात, गोळ्या मिळाल्या म्हणून सांगितलं. जवळ जाऊन, ओरडून नाही.

"मिलाल्या न? बरं झालं," आबा म्हणाले.

त्यांना ऐकू आलं होतं. अर्ध्या तासाने ते परत कानाला हात लावून बसले आणि तिने विचारलेलं त्यांना ऐकू येईना.

त्या संध्याकाळी स्वयंपाक करताना धम्मदिनाचा जीव पहिल्यांदा घाबरा झाला. आबांचं डोकं बिघडलंय यावर तिचा विश्वास बसला होता, म्हणून नव्हे. तो विश्वास उडत चालला होता, म्हणून.

५

शुक्रवारी आसपासचे बहुतेक लूम बंद असतात. त्या दिवशी भिवंडीत एक वेगळीच पोकळी असते, भांडं ठेवल्याचा आवाजही मोठा वाटतो. सकाळचं जेवण उरकून ती आतल्या खोलीत टेबलाशी बसली आणि केसरीनाथांना फोन लावला. ते ऑफिसात होते, मागे पंख्याचा कर्रकर्र आवाज येत होता. भाड्याचं शेवटी बघू, ती म्हणाली, आधी बाकीचे आकडे एकदा वाचून दाखवा. ते एकेक आकडा वाचत गेले आणि ती पेन्सिलीने खूण करत गेली. बँकेचं व्याज झालं. विम्याचा हप्ता झाला. तिचा घसा कोरडा पडला होता. फोन कानाशी धरूनच ती पाणी घ्यायला उठली.

दारातून बोळात आली तेव्हा बोळात उजेड होता.

समोरची, बाहेरची भिंत नव्हती. दारही नव्हतं. चौकट असावी तेवढी मोकळी जागा होती आणि तिच्या पलीकडे खोली होती. बोळातली फरशी तशीच पुढे आत गेलेली, सांधासुद्धा चुकला नव्हता. समोर खिडकी, तिच्यात नुसता पांढरा उजेड. बाकड्यावर आबा बसले होते, डोकं किंचित एका बाजूला कलतं करून, समोर कुणी हळू आवाजात बोलत असावं तसे. त्यांच्यासमोर, तिच्याकडे पाठ करून, खुर्चीवर एक माणूस बसला होता. सायीच्या रंगाचा शर्ट. मानेवर पांढरे बारीक केस. हातात बशी. त्याने कप उचलला, तोंडाला लावला आणि परत बशीत ठेवला. कप ठेवल्याचा आवाज झाला नाही.

"आता पेट्रोल वाचू का, ताई?" तिच्या कानात केसरीनाथ म्हणाले. मागे पंखा कर्रकर्रत होता.

घाबरून पळावं असं तिच्या मनात आलं नाही. नंतर पुष्कळ दिवस तिला याचंच नवल वाटत राहिलं. तिने खोलीची लांबी नजरेने मोजली आणि ती तिला माहीत होती. मीटरने ती आधीच सांगितली होती. तिने उजवा पाय उचलला आणि आत ठेवला.

तेवढ्याने आवाज गेला. फोनमधला आवाज गेला, पंखा गेला, गल्लीतली रिक्षा गेली, तिच्या स्वतःच्या श्वासाचा आवाज गेला. विहिरीत बुडी मारल्यावर डोक्यावर पाणी मिटतं, तसं काहीतरी तिच्यावर मिटलं. आणि ते इतकं बरं वाटलं की तिचे डोळे भरून आले. लहानपणापासून या गावात ती काय ऐकत आली होती ते तिला तेव्हा कळलं. आबांनी वर पाहिलं. तिला पाहून त्यांना आश्चर्य वाटलं नाही.

"बस न," ते म्हणाले. ते शब्द मात्र तिला स्वच्छ ऐकू आले.

ती बसणार होती. खुर्चीवरचा माणूस हळूहळू मान वळवू लागला होता, त्याच्या गालाची कड दिसू लागली होती, आणि तरीही ती बसणार होती. तेवढ्यात बाहेर राहिलेल्या डाव्या पायाच्या तळव्याला हादरा बसला. घराचं बाहेरचं दार कुणीतरी लावून घेतलं होतं. ते दार फुगलेलं होतं, जोराने ओढल्याशिवाय लागत नसे, आणि लागलं की सगळी फरशी हादरायची. तिने उजवा पाय मागे घेतला.

"हॅलो? हॅलो, ताई?" केसरीनाथ म्हणत होते. समोर भिंत होती.

ती बोळातून बाहेरच्या खोलीत आली. आबा दारापाशी चपला काढत होते. हातात भाजीची पिशवी होती, छत्रीचं पाणी खाली गळत होतं. तू फोनवर बोलत होतीस म्हणून न सांगताच गेलो, ते म्हणाले. अंबाडीकडून काकड्या आल्यात, चांगल्या मिळाल्या.

धम्मदिनाने भिंतीला हात टेकला. मग फोनमध्ये, गोदामाच्या मालकांशी बोलायच्या आवाजात म्हणाली:

"काका, भाडं एक तृतीयांश धरा. खोल्या तीनच आहेत. आत्ताच्या आत्ता भरून टाका, मी ओटीपी देते."

त्यांनी बरं म्हटलं. थोड्या वेळाने तिच्या फोनवर आकडे आले, तिने ते वाचून दाखवले, आणि रिटर्न गेलं.

६

त्यानंतर सगळं बरं झालं, असंच कुणालाही वाटलं असतं. आबांच्या कानातला लूम थांबला. त्या शुक्रवारपासूनच थांबला, हे त्यांना स्वतःला दोन दिवसांनी कळलं. ते शांत झोपू लागले, पोटभर जेवू लागले. मशीन लावलं की साधं बोलणं त्यांना ऐकू येऊ लागलं. ठाण्याच्या डॉक्टरने त्यांना तपासलं, बोलतं केलं आणि या वयाच्या मानाने डोकं उत्तम आहे म्हणून सांगितलं. परतताना रिक्षात तिने विचारलं की आबा, ती खोली आठवते का रे.

"कोनती खोली?" त्यांनी विचारलं. तिच्या चेहऱ्याकडे बघून ते थोडा वेळ आठवत राहिले, तिला बरं वाटावं म्हणून. त्यांना काही आठवलं नाही.

पोचपावती घ्यायला ती केसरीनाथांकडे गेली तेव्हा त्यांनाही तिने सहज विचारल्यासारखं विचारलं. तुमच्या तीनच खोल्या ना, ते म्हणाले, मीच मोजून गेलो होतो मे महिन्यात. मसुद्यात चार कसे पडले कोण जाणे. टायपिंगची चूक. तुम्ही वाचता म्हणून बरं. त्यांनी तिच्यासाठी चहा मागवला, स्वतःसाठी नाही. तिने विचारल्यावर म्हणाले की हल्ली इच्छाच होत नाही, आता आता पिऊन झालाय असं दिवसभर वाटत राहतं.

धम्मदिना त्या दोघांचं ऐकून घरी आली. आता तिच्या बाजूने सगळे पुरावे होते. नकाशा, टेप, मागच्या गल्लीतली भिंत, डॉक्टर, केसरीनाथ, खुद्द आबा. गोदामाचं काम असतं तर तिने सही करून फाइल बंद केली असती. तिने घर बदलायचं ठरवलं. काल्हेरला नव्या इमारतींत भाड्याने घरं मिळत होती, कामाच्या जवळ पडणार होतं, कुणाला वेगळं कारण सांगायची गरज नव्हती. आबांनी एका शब्दाने हरकत घेतली नाही. जाताना मागे वळून बघतील, बोळापाशी घुटमळतील, या भीतीने ती त्यांच्यावर नजर ठेवून होती. ते घुटमळले नाहीत. आपली गादी आपण बांधली आणि जिना उतरून टेम्पोत पुढे जाऊन बसले.

घर रिकामं झाल्यावर ती शेवटची फेरी मारायला वर आली. दुपारचे लूम चालू होते, रिकाम्या खोल्यांत खडखडाट जास्तच घुमत होता. स्वयंपाकघराची खिडकी लावली, नळ बघितला. बोळात आली. सरळ निघून जायचं असं तिने जिन्यातच ठरवलं होतं. तरी ती थांबली आणि बाहेरच्या भिंतीला कान लावला.

भिंतीत लूम नव्हते. आधी नुसती शांतता होती. मग कुणीतरी खोकलं, आणि तो खोकला आबांचा होता, जुना, लूमवरच्या कापसाच्या धुळीने धरलेला. खाली टेम्पोत बसलेले आबा गेले काही आठवडे खोकले नव्हते हे तिच्या तेव्हा लक्षात आलं. तिच्या तोंडून हाक निघणार होती. ओठ उघडलेही. तेवढ्यात आत एक बाई बोलली.

तिला तो आवाज आधी ओळखू आला नाही. कुठेतरी ऐकलेला वाटला, थोडा जाड, थोडा परका. मोबाइलवर आपणच पाठवलेला निरोप परत ऐकताना वाटतो तसा.

"आबा, तिकडे भिंतीपाशी कोण आहे?" त्या आवाजाने विचारलं.

धम्मदिनाने श्वास रोखून धरला.

"कोन न्हाय, बाय," आबांचा आवाज आला, निवांत, जवळून. "कोन न्हाय तिथं. बस तू."

खाली टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. धम्मदिनाने भिंतीवरून कान काढला. ती बाहेर आली, दार जोराने ओढून लावलं, कुलूप घातलं आणि ते एकदा हिसडून पाहिलं. जिना उतरताना तिचे पाय नीट पडत होते. टेम्पोत ती आबांच्या शेजारी बसली. काही ऱ्हायलं तर न्हाय न वर, त्यांनी विचारलं.

"काही नाही," धम्मदिना म्हणाली, आणि टेम्पोवाल्याला चल म्हणून सांगितलं.